तंबू तळ्याकाठी, दगड तळाशी

शुक्रवारी दुपारी चारनंतर कुठल्याही ऑफिसात जरा कान देऊन ऐका. निम्म्या क्यूबिकल्समधून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘वीकेण्डला कुठे?’ आणि हल्ली त्याचं ठरलेलं उत्तर, ‘पवनेला, लेकसाइड!’ तंबू, बार्बेक्यू, ग्रुपमधला एक गिटारवाला, पहाटेचं धुकं आणि सोमवारी फोटोंचा पाऊस. आपल्या पिढीची गंमतच आहे. झोपायला गादी हवी, मोबाइल चार्ज करायला पॉइंट हवा, आणि तरीही ‘निसर्गाच्या कुशीत’ जाऊन आल्याचं समाधान हवं. या त्रांगड्याला ‘ग्लॅम्पिंग’ असं झकास नाव आहे. ग्लॅमर अधिक कॅम्पिंग. २०१६ साली हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशातही जाऊन बसला, म्हणजे आता तो एकदम ऑफिशियल!

तर मंडळी, यंदा मी ग्लॅम्पिंग केलं ते थेट कॅनडाच्या प्रेअरीवर. प्रेअरी म्हणजे मैलोन् मैल सपाट गवताळ मुलूख. डोंगर नाही, घाट नाही, वळणसुद्धा नाही. माझा मावसभाऊ सस्कॅचवान प्रांतातल्या सस्काटूनला असतो. जुलैत त्याच्याकडे गेले, तर दादाने सगळा प्लॅन आधीच ठरवून ठेवलेला. ‘तुला टोरांटो, नायगरा सगळे दाखवतील. मी तुला आभाळ दाखवतो.’ म्हटलं, चला, दाखवा!

सस्काटूनहून दक्षिणेला निघालं की दीडेक तासात लेक डिफेनबेकर लागतो. वाटेत दोन्ही बाजूंना कॅनोलाची पिवळीजर्द शेतं. म्हणजे यश चोप्रांचा सिनेमा, फक्त शाहरुख नाही. अधूनमधून बुटक्या हिरव्या पिकाचे पट्टे दिसत होते. ‘हे ओळख,’ वहिनी म्हणाली. मला कुठलं ओळखतंय? ती मसूर होती! आपण बाहेरून जी मसूर आणतो तिच्यात कॅनडाचा वाटा मोठा, आणि कॅनडाची मसूर म्हणजे जवळपास सगळी याच प्रांतातली. आपल्या डब्यातली आमटी कुठल्या कुठे पिकते बघा.

आमचा तंबू म्हणजे खरं तर पांढरा कापडी घुमट होता. आत डबल बेड, जाड रजई, गालिचा, लाकडाची शेगडी आणि कॉफी मशीनसुद्धा. टॉयलेट मात्र वीस पावलांवर, कारण थोडा तरी निसर्ग नको का? एका रात्रीचं भाडं रुपयांत मांडायची खोड असेल तर जाऊच नका. दादा-वहिनी आणि भाचा शेजारच्या साध्या तंबूत. ते तिघं जमिनीवर, आणि आत्या पलंगावर! ‘आत्या, तू चीटिंग करतेस,’ भाच्याने तोंडावर सांगितलं.

पण एक सांगते, तिथे ग्लॅमर तंबूत नसतंच. ते बाहेर असतं. रात्री साडेनऊच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतरही तासभर उजेड रेंगाळतो. डोंगर नसल्यामुळे आभाळ डोक्यावर नसतं, ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं असतं. पन्नास किलोमीटरवर पडणारी वीज दिसते, आवाज मात्र येत नाही. आम्ही शेकोटीवर मक्याची कणसं भाजली, वहिनीने मसुराची आमटी टाकली, आणि शेजारचं गोरं कुटुंब वास घेत घेत आमच्याकडे येऊन बसलं. झाली पार्टी!

दुसऱ्या दिवशी खरी कथा कळली. डिफेनबेकर हे तळं नाहीच. ते धरण आहे!

१९३० च्या दशकात या प्रेअरीवर भयंकर दुष्काळ पडला होता. शेतांची माती वाऱ्याने उडून गेली, हजारो कुटुंबं घरदार सोडून निघून गेली. तेव्हापासून साउथ सस्कॅचवान नदीवर धरण हवं ही मागणी सुरू झाली. काम सुरू झालं १९५९ मध्ये, संपलं १९६७ मध्ये. मातीचा बांध ६४ मीटर उंच आणि जवळजवळ पाच किलोमीटर लांब. मागे तुंबलेलं पाणी २२५ किलोमीटर पसरलेलं, किनारा सुमारे ८०० किलोमीटरचा. राजकारणी जगात सगळीकडे सारखेच, त्यामुळे बारसंही वाटून झालं. तलावाला नाव कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डिफेनबेकर यांचं, तर धरणाला लिबरल नेते गार्डिनर यांचं. म्हणजे दोन्ही पार्ट्या खूष. आज सस्काटून, रेजायना, मूस जॉ या शहरांच्या नळांना येणारं पाणी याच साठ्यावर अवलंबून आहे. त्याशिवाय वीज आणि सिंचन आहेच. हे धरण नसतं तर दादाच्या घरचा शॉवरही कोरडा असता. तेव्हा ‘धरण वाईट’ असं एका वाक्यात मोकळं होता येत नाही.

पण पाण्याखाली काय गेलं, तेही ऐका. या नदीच्या खोऱ्यात एक अवाढव्य दगड होता. हिमयुगात बर्फाबरोबर वाहत आलेला, सुमारे ४०० टनांचा, आणि आकाराने थेट बसलेल्या गव्यासारखा. गवा म्हणजे बायसन, जो एके काळी या गवतावर लाखोंनी फिरायचा. क्री लोक या दगडाला मिस्तासिनी म्हणत, म्हणजे मोठा दगड. गव्यांनी वाढवलेला एक मुलगा शेवटी स्वतःच गवा झाला आणि मग दगड, अशी त्यांची कथा. त्यांच्यासाठी ते देवस्थानच होतं. धरण भरायच्या आधी तो दगड हलवावा म्हणून मोहीम झाली, पैसे गोळा करायचा प्रयत्न झाला, पण ते पुरले नाहीत. शेवटी १९६६ च्या डिसेंबरात सुरुंग लावून तो फोडण्यात आला. २०१४ मध्ये पाणबुड्यांनी तळाशी जाऊन त्याचे अवशेष शोधले. काठावरच्या एल्बो नावाच्या छोट्या गावात त्याच्या तुकड्यांचं स्मारक आहे, आणि जवळच्या एका सुटीतल्या वस्तीचं नावच मिस्तुसिनी आहे. दगड गेला, नाव उरलं.

आम्ही स्मारक बघायला गेलो. दादा फोटो काढत होता, भाचा आइस्क्रीम मागत होता. वहिनी मात्र गप्प. ती साताऱ्याकडची. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘माझ्या आजीचं माहेर कोयनेत गेलं. शिवसागराच्या काठावर उभं करून आम्हाला पाण्याकडे बोट दाखवायची. म्हणायची, ते बघ आमचं घर. आम्हाला नुसतं पाणीच दिसायचं.’

यावर काय बोलणार? दादाने कॅमेरा बॅगेत टाकला. मी भाच्याला आइस्क्रीम घेऊन दिलं.

परतीच्या विमानात मी बोटांवर मोजत होते. आपले सगळे लाडके ‘लेक’ कुठले? पवना म्हणजे धरण. भंडारदरा म्हणजे १९२६ मध्ये पूर्ण झालेलं धरण. मुळशी म्हणजे तर ते धरण, ज्याच्या विरोधात १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि ज्यातून बापटांचे सेनापती बापट झाले. आपण ज्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतो, तो कुणाच्या तरी भातखाचरांवरचा व्ह्यू आहे. कोयनेच्या विस्थापितांचं पुनर्वसनाचं भांडण साठ वर्षांनंतरही मिटलेलं नाही. म्हणून जायचंच नाही का? छे! जाच. काठावरच्या कितीतरी गावकऱ्यांची चूल आता याच तंबूंवर पेटते. फक्त डोळे उघडे ठेवून जा, इतकंच.

बरं, प्रेअरीवर जायचा योग आला तर थोडा फंडा देऊन ठेवते. जुलै-ऑगस्ट बेस्ट, पण बुकिंग वसंतातच करा, चांगल्या जागा पटापट जातात. डिफेनबेकरच्या काठी डॅनियलसन, डग्लस आणि सस्कॅचवान लँडिंग ही तीन प्रांतीय उद्यानं आहेत. डग्लसमध्ये वाळूच्या सरकत्या टेकड्याही आहेत. वारा अडवायला काही नसतं, तेव्हा तंबूचे खुंटे घट्ट ठोका. डासांची औषधं दुप्पट घ्या. कोरड्या दिवसांत शेकोटीवर बंदी येते, ती पाळा, कारण गवत पेटायला वेळ लागत नाही. मासे धरायचे तर परवाना काढा. २००९ मध्ये इथे ४८ पौंडांचा रेनबो ट्राउट गळाला लागून जागतिक विक्रम झाला होता, त्यामुळे स्वप्नं मोठी बघायला हरकत नाही. आणि वाळूत पायपिंग प्लोव्हर नावाचा इवलासा, धोक्यात आलेला पक्षी अंडी घालतो, तेव्हा पायाखाली बघून चाला.

आणि पवनेला जाणाऱ्यांसाठी एकच होमवर्क. रात्री जेवणं उरकल्यावर तंबूवाल्या काकांना विचारा, ‘काका, या पाण्याखाली कुठलं गाव होतं?’ त्यांना नक्की माहीत असेल. गिटार थोडा वेळ बाजूला ठेवा आणि ते सांगतील ते ऐका.