भिंती पाडल्या की संवाद वाढतो? कोणी सांगितलं?

संशोधन संस्थेची नवी इमारत म्हटली की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं : "सगळं ओपन ठेवलंय, म्हणजे लोक एकमेकांशी बोलतील." ऐकायला झकास. पण होतं नेमकं उलटं!

हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ साली हे चक्क मोजून दाखवलं. दोन बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती हटवण्याआधी आणि नंतर, कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून कोण कोणाशी किती बोलतं ते नोंदवलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढल्या. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाला मेल!

"त्या कंपन्या हो, लॅबचं वेगळं असतं," असं कोणी म्हणेल. मग लंडनची फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट बघा. वेगवेगळ्या विषयांचे शास्त्रज्ञ येताजाता भेटावेत म्हणून मुद्दाम मोकळी बांधलेली, २०१६ साली सुरू झालेली इमारत. पुढच्याच वर्षी तिथल्या काही संशोधकांची तक्रार आली, की लिहिण्यावाचण्याच्या जागी गोंगाटामुळे लक्षच लागत नाही.

यात नवल काय? संशोधनातलं खरं बोलणं म्हणजे अर्धवट कल्पना, फसलेले प्रयोग, शंका. "सर, आपला आलेख चुकलाय बहुतेक," हे पीएचडीच्या पोरीने वीस जणांच्या देखत कसं म्हणायचं? ती कानात हेडफोन घालून गप्प बसते. दार लावता आलं, तर तोंड उघडतं.

माणसं जवळ असावीत, हे खरंच. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं, हे एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकातच दाखवलंय. पण जवळ बसवणं वेगळं आणि उघड्यावर बसवणं वेगळं. पुण्यात आयुका बांधताना चार्ल्स कोरियांनी बसायला खोल्या दिल्या आणि भेटायला मधोमध कुंडाचं अंगणही दिलं. दोन्ही लागतं.

माणशी चौरस फूट वाचवायचे असतील तर तसं सरळ सांगा ना! काटकसरीला 'सहकार्य' असं गोंडस नाव कशाला? आणि नकाशा पास करण्याआधी, स्वतःच्या केबिनचं दार लावून घेणाऱ्या साहेबांनी एक महिना त्या हॉलमध्ये बसून दाखवावं.