हैदराबादचा संघ दिल्लीस गेला!

मार्च २०२२ मध्ये ज्या संघाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद हैदराबादेस मिळवून दिले, तो संघ आज हैदराबादेत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे बिऱ्हाड दिल्लीस हलले आणि नावही बदलून ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ असे झाले. खेळात हारजीत चालायचीच. यंदा हरलेला संघ पुढल्या वर्षी उठतो. परंतु हा हारजितीचा प्रश्नच नव्हे. एका शहराचा संघ, त्या शहराचा शब्दही न घेता, उचलून दुसरीकडे नेता येतो, ही गोष्ट विचारी माणसास अस्वस्थ करणारी आहे. म्हणूनच तीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या कथेचा आरंभ पुण्यात होतो. २०१४ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या वाट्यास ‘एफसी पुणे सिटी’ हा संघ आला. बालेवाडीच्या मैदानावर त्याने पाच हंगाम काढले. २०१७-१८ मध्ये तो उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. पुढे पैशाची अडचण आली आणि २०१९ मध्ये त्याचा कारभार गुंडाळला गेला. त्याची रिकामी जागा नव्या मालकांनी घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘हैदराबाद एफसी’ जन्मास आला. त्याच महिन्यात दिल्लीचा ‘डायनामोज’ भुवनेश्वरास जाऊन ‘ओडिशा एफसी’ झाला. दिल्लीने २०१९ मध्ये जे गमावले, ते २०२५ मध्ये हैदराबादेकडून भरून घेतले! एकाचे उचलून दुसऱ्याच्या दारी ठेवावयाचे, आणि तिघांसही सांगावयाचे की हा तुमचाच संघ!

तरीही लोकांनी या परक्या रोपट्यावर जीव लावला, हे विसरता येत नाही. पहिल्या हंगामात दहा संघांत दहावा आलेला हा संघ स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली दुसऱ्या वर्षी पाचवा आणि तिसऱ्या वर्षी दुसरा आला. तरुण भारतीय खेळाडूंवर विश्वास टाकण्याची त्यांची रीत फळास आली. २० मार्च २०२२ रोजी मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सशी अंतिम सामना झाला. संघ एका गोलाने मागे असताना साहिल ताव्होरा यांनी अखेरच्या काही मिनिटांत बरोबरी साधली. पेनल्टींच्या वेळी गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी यांनी तीन फटके अडविले आणि संघ ३-१ ने विजयी झाला. हे दोघेही गोव्याचे वीर! कोरोनामुळे ती सारी स्पर्धा गोव्यातच खेळली गेली होती. आपल्या शहराच्या मैदानावर एकही सामना न खेळता हैदराबादचा संघ विजेता ठरला होता.

पुढच्या हंगामातही तो दुसरा आला. आणि मग उतरण लागली. खेळाडूंचे पगार थकल्याच्या तक्रारी झाल्या. जागतिक संघटनेने नवे खेळाडू नोंदविण्यास बंदी घातली. चांगले खेळाडू भर हंगामात निघून गेले. २०२३-२४ मध्ये बावीस सामन्यांत एकच विजय, आणि बारा संघांत बारावे स्थान! २०२४ मध्ये मालक बदलले आणि पुढल्या वर्षी शहरही बदलले.

याच हैदराबादेने एके काळी काय पाहिले होते, याची आठवण द्यावीशी वाटते. सय्यद अब्दुल रहीम या शाळामास्तराच्या शिकवणीखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पुन्हा सुरू झालेला ड्युरँड चषकही त्यानेच पटकावला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक हेच रहीम, आणि अझीझुद्दीन, नूर महंमद, बलराम यांच्यासारखे त्या संघातले खेळाडू याच शहराचे. तेही वैभव टिकले नाही. १९६३ मध्ये रहीम निवर्तले. नईमुद्दीन, हबीब यांच्यासारखे गुणी खेळाडू कलकत्त्यास गेले. पण तो संघ ओसरला तो आपल्याच शहरात. त्याला कोणी गाठोड्यात बांधून परगावी नेले नाही!

यावर कोणी म्हणेल, पैशावाचून संघ चालत नाही आणि ज्याने तोटा सोसला त्याने निर्णय का घेऊ नये? हे म्हणणे अगदीच निराधार नाही. खेळाडूंचे पगार टाळ्यांतून निघत नाहीत, आणि मालकांनी या खेळात कोट्यवधी रुपये ओतले हेही खरे. परंतु दुकान हलले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. संघ हलला तर चाहत्याने कोठे जावे? ज्या नावावर तिकिटे विकली, त्या नावात शहराचे भांडवल नव्हते काय? जर्मनीत सामान्यतः मतांचे बहुमत सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. तेथेही श्रीमंत आहेत, परंतु संघ सभासदांस न विचारता परगावी नेण्याची मुभा त्यांना नाही.

आमच्या वाचकांच्या गावोगावी लहानमोठी क्रीडामंडळे आहेत. कोणी दाता उभा राहिला तर त्याचे स्वागत अवश्य करावे. मात्र मंडळाचे नाव, रंग आणि ठिकाण सभासदांच्या ठरावावाचून बदलता येणार नाही, एवढे एक कलम घटनेत आधी लिहून घ्यावे. देणगी स्वीकारताना हा आग्रह अवघड वाटेल. परंतु संघ हातचा गेल्यावर तो धरण्यास जागाच उरत नाही. पुण्याने हे २०१९ मध्ये पाहिले, हैदराबादेने २०२५ मध्ये. तिसऱ्या गावाने तरी ते पाहण्याची वाट पाहू नये!