जाड टायरची घडीची ई-सायकल : वेगाआधी वजन पाहा

साठी-सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांसाठी विजेची सायकल घ्यावी का, असा प्रश्न घेऊन येणारी कुटुंबे अलीकडे दवाखान्यात भेटू लागली आहेत. त्यांतही ओढा असतो तो घडी होणाऱ्या, जाड टायरच्या सायकलीकडे. टायर रुंद म्हणजे तोल जाणार नाही आणि घडी होते म्हणजे घरात ठेवता येईल, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत.

प्रथम लाभ पाहू. गुडघ्याच्या संधिवातात चालताना पावलागणिक शरीराचा भार सांध्यावर येतो. सायकलवर तो बराचसा बैठकीवर जातो आणि मांडीचे स्नायू मात्र काम करत राहतात. मोटर साह्य करते म्हणून व्यायाम होत नाही, हा समजही बरोबर नाही. पॅडल मारल्यावरच साह्य देणाऱ्या सायकलीवर मध्यम तीव्रतेचा व्यायाम घडतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे असा व्यायाम सुचवते. त्याच्या जोडीला आठवड्यातून ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही सांगते. ते सायकल घेतल्यावरही वेगळे करावेच लागतात.

आता वाहनाकडे वळू. जुन्या दांडीच्या सायकलीचा टायर सुमारे दीड इंच रुंद असे. हा ४ इंचांच्या आसपास असतो. त्यात हवेचा दाब कमी ठेवतात, त्यामुळे खड्ड्यांचे आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांचे हादरे मनगटांना व कमरेला कमी बसतात. हा गुण खरा आहे. परंतु सायकलीचा तोल टायरच्या रुंदीवर टिकत नाही. तो गतीने आणि हँडलच्या बारीक हालचालींनी सांभाळला जातो. थांबलेली सायकल जाड टायरवरही कलंडतेच. शिवाय चाक बहुधा २० इंचांचे, म्हणजे लहान असल्याने हँडल चटकन वळते. मोठ्या चाकाची सवय असलेल्या हातांना ते सुरुवातीला अस्थिर वाटते.

खरा प्रश्न वजनाचा आहे. अशी सायकल साधारणतः २५ ते ३२ किलोंची असते, म्हणजे जवळपास भरलेल्या घरगुती गॅस सिलिंडरइतकी. घडी केल्याने तिचा आकार कमी होतो, वजन नाही. नेदरलँड्समध्ये ई-सायकलच्या अपघातांचा अभ्यास झाला, तेव्हा ज्येष्ठांचे चढता-उतरतानाचे पडणे ठळकपणे समोर आले. जड सायकल कलंडू लागली की माणूस ती सावरायला जातो आणि तिच्यासह खाली येतो. हाडे ठिसूळ झालेली असतील, तर एवढ्यानेही खुब्याचे हाड मोडते.

माझ्या ७० वर्षांच्या एका रुग्णाचे उदाहरण देतो. गुडघ्यांमुळे त्यांचे मीठबंदरच्या बाजूला खाडीकडे जाणे सुटले, मग मित्रमंडळ सुटले आणि वर्षभरात वजन व साखर दोन्ही वाढले. परदेशातील मुलाने ७५० वॉटची, जाड टायरची सायकल सुचवली. आईने मात्र ‘या वयात हे काय’ म्हणून विरोध केला. तपासणीत त्यांचा तोल चांगला निघाला, पण पाय उंच उचलून चौकटीपलीकडे टाकता येत नव्हता. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. अखेर बुटक्या चौकटीची, साध्या टायरची, बॅटरी सुटी होणारी, कमी वजनाची सायकल ठरली. ती तळमजल्यावर कुलपात राहते. वर जाते ती केवळ बॅटरी. खाडीकडची फेरी पुन्हा सुरू झाली.

घेण्यापूर्वी काही चाचण्या घरीच होऊ शकतात. खुर्चीतून उठून ३ मीटर चालावे, वळावे, परत येऊन बसावे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून आधी तोलाचे व्यायाम करावेत. मान वळवून मागचे वाहन दिसते का, दोन्ही ब्रेक बोटांनी पूर्ण दाबता येतात का, हे पाहावे. रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर ३ मिनिटांत मोजून घ्यावा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर सायकल थांबवून डॉक्टरांना भेटावे. मोतीबिंदू पिकला असल्यास त्याचा विचार आधी व्हावा.

औषधांची यादीही समोर ठेवावी. झोपेच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन यांनी भोवळ येऊ शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी, लगेच रुग्णालय गाठावे.

कायद्याची बाजू सोपी आहे. मोटर २५० वॉटच्या आत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिचे साह्य थांबत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती सायकलच ठरते. परवाना व नोंदणी लागत नाही. जाड टायरच्या अनेक परदेशी सायकलींची मोटर ५०० ते ७५० वॉटची असते. त्या या सवलतीत बसत नाहीत. हेल्मेट मात्र कोणत्याही सायकलवर घालावे. बॅटरी मूळ चार्जरनेच, कोणी जागे असताना आणि दारापासून दूर चार्ज करावी. दाराशी आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

वेगाचाही हिशेब करावा. ब्रेक दाबायला दीड सेकंद लागला, तर ताशी २५ किलोमीटर वेगाने तेवढ्यात सुमारे १० मीटर अंतर कापले जाते. १५ किलोमीटरला ते ६ मीटर होते. ज्येष्ठांना १५ पुरेसे आहे. पहिले दोन आठवडे बैठक इतकी खाली ठेवावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. सवय झाल्यावर ती हळूहळू वर घ्यावी. पॅडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, नाहीतर गुडघेदुखी वाढते. सराव मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात, सकाळी करावा. कोपरीकरांनी स्थानक परिसराची गर्दी आणि कोपरी पुलावरची महामार्गाची वाहतूक टाळून आतल्या रस्त्यांवर राहावे. पावसात घरीच बसावे.

जाड टायरची घडीची सायकल कोणाला योग्य? ज्यांना पूर्वीपासून सायकल येते, वरील चाचण्या जमतात आणि ती तळमजल्यावर ठेवता येते, त्यांना. इतरांनी हलकी, बुटक्या चौकटीची सायकल पाहावी. ज्यांचा तोल जातो, त्यांनी तीनचाकीचा विचार करावा. मात्र तीही वळणावर सावकाशच घ्यावी लागते.

काळजीवाहकांना एक विनंती. दुकानात ज्यांना चालवायची आहे त्यांनाच न्या. मोटर बंद ठेवून त्यांना दहा वेळा चढू-उतरू द्या, सायकल हाताने धरून वळवू द्या, स्टँडला लावू द्या. हे सहज जमले, तरच मोटर सुरू करून पाहा.