'फ्री क्लाइंबिंग' म्हणजे दोराशिवाय चढणं? सह्याद्रीत हा गैरसमज महागात पडू शकतो

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतली शनिवारची शिफ्ट सुटली की अनेक बाईक दोन दिशांना वळतात. नाशिक महामार्गाने जुन्नर-नाणेघाटाकडे, नाहीतर लोणावळ्याकडे. एकीकडे जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका, दुसरीकडे ड्यूक्स नोज अर्थात नागफणी. मग रील्स येतात आणि दोराविना कातळावर चढणाऱ्याच्या व्हिडिओखाली हमखास लिहिलेलं असतं, 'फ्री क्लाइंबिंग'.

हा शब्दच तिथे चुकतो. फ्री क्लाइंबिंगमध्ये दोर असतो, हार्नेस असतो, बिले देणारा जोडीदारही असतो. फक्त वर सरकताना त्यांचा आधार घ्यायचा नाही, भार हातापायांवर आणि खडकावर. साधनं असतात ती पडल्यास झेलण्यासाठी. बोल्टला धरून किंवा त्याला शिडी अडकवून वर गेलात, तर ते आर्टिफिशियल क्लाइंबिंग. दोरच नसेल तर फ्री सोलो.

अमेरिकेतल्या सुमारे 900 मीटर उंच एल कॅपिटन कड्यावर हा फरक स्पष्ट दिसतो. जानेवारी 2015 मध्ये टॉमी काल्डवेल आणि केविन जॉर्गसन यांनी तिथला 'डॉन वॉल' मार्ग फ्री चढला. 19 दिवस लागले, दोघे कितीदा तरी पडले आणि दोरामुळे वाचले. 3 जून 2017 रोजी अ‍ॅलेक्स हॉनल्ड त्याच कड्यावर दुसऱ्या मार्गाने दोराविना चढला. त्याआधी त्याच मार्गावर त्याने दोर लावून भरपूर सराव केला होता. रीलमध्ये नेमकं हेच दिसत नाही.

शिवाय तो कडा ग्रॅनाइटचा. सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. मधल्या पट्ट्यांत घसारा आणि गवत, वर सुटे दगड. काल पक्की वाटलेली खाच आज हातात येऊ शकते. म्हणूनच इथल्या बऱ्याच सुळक्यांवर बोल्ट ठोकून चढाया झाल्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पण पावसात बोल्टही गंजतात, त्यामुळे वीकेंड ग्रुपला पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. अँकर कोणी तपासला? बिले कोण देणार?

आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात. माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला खाली घेता येतं. दोर नसलेल्याचे दोन्ही हात खडकात अडकलेले असतात.