गोळी एक, रेणू दोन

स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर अनेक स्त्रिया टॅमोक्सिफेनची गोळी रोज पाच ते दहा वर्षे घेतात. या औषधाचा रेणू दोन रूपांत आढळतो. दोन्हींतले अणू तेच आणि वजनही तेच. फरक फक्त मांडणीचा. एक रूप स्तनातील इस्ट्रोजेनचा परिणाम रोखते, तर दुसऱ्याने प्राण्यांवरील प्रयोगांत इस्ट्रोजेनसारखाच परिणाम दाखवला आहे. म्हणून गोळीत हे दुसरे रूप किती चालेल, यावर कडक मर्यादा आहे. ती पाळली गेली की नाही, हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

अशा जुळ्या रेणूंना वेगळे करण्याची एक पद्धत म्हणजे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. केसाएवढ्या बारीक पोकळीच्या नळीत द्रावण भरून दोन्ही टोकांना 20 ते 30 हजार व्होल्ट दाब देतात. विद्युतभार असलेले रेणू भार आणि आकारानुसार पुढेमागे धावतात. अडचण अशी की टॅमोक्सिफेनसारखी अनेक औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यावर तोडगा म्हणून पाण्याऐवजी मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइलसारखे सेंद्रिय द्रावक वापरतात. ॲसिटोनायट्राइलचा असा वापर अमेरिकेत जेम्स जॉर्गेन्सन आणि सहकाऱ्याने 1984 मध्येच दाखवला होता. या द्रावकांत औषध विरघळते आणि रेणूंचा विद्युतभारही वेगळ्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे पाण्यात एकत्र धावणारे रेणू इथे अलग होऊ शकतात. टॅमोक्सिफेन आणि शरीरात त्यापासून बनणारे पदार्थ असे वेगळे करता आले आहेत.

खर्चाचाही मुद्दा आहे. नेहमीच्या एचपीएलसी यंत्रातून मिनिटाला 1 मिलिलिटर द्रव वाहिला, तर आठ तासांत जवळपास अर्धा लिटर संपतो. इथे काही मिलिलिटरमध्ये काम भागते. 2008-09 मध्ये जगभर ॲसिटोनायट्राइलची टंचाई झाली, तेव्हा ही काटकसर किती मोलाची आहे ते दिसले.

मर्यादाही आहेत. द्रावक उडून गेले की निष्कर्ष डळमळतात आणि नमुना इतका सूक्ष्म असतो की अत्यल्प भेसळ निसटू शकते. म्हणून ही पद्धत एचपीएलसीची जागा घेणार नाही. पण अवघड औषधांसाठी दुसरी साक्ष म्हणून ती सरकारी प्रयोगशाळांच्या हाताशी हवी. त्यासाठी यंत्राइतकेच ते चालवणारे प्रशिक्षित हातही लागतील.

सरकारी रुग्णालयात मोफत गोळी घेणाऱ्या बाईला कंपनी निवडण्याची सोय नसते. तिच्या वतीने पारख व्हायची ती गोळी तिच्या हातात पडण्याआधीच व्हायला हवी.