दोघांची एक थैली

गेल्या महिन्यात आमच्या भूमच्या बाजारपेठेतील एका घरात मोठा वाद उपस्थित झाला. घरातील बावीस वर्षांच्या नातवाने आपल्या एका मित्राबरोबर दहा दिवस व्हिएतनामला जाण्याचा मनोदय जाहीर केला. वडिलांचे म्हणणे असे की, एवढा खर्च करायचाच तर सहल कंपनीबरोबर सर्वांनी मिळून जाऊ. आजीचा प्रश्न एकच होता, तिकडे हा खाणार काय? आजोबांनी मात्र वाद वाढू दिला नाही. ते नातवाला म्हणाले, "खर्चाचे काय ते बँकवाल्या आजोबांना विचारून ये. आम्ही दोघे लग्नाआधी परदेशी जाऊन आलेलो आहोत."

ते बँकवाले आजोबा म्हणजे मी आणि तो परदेश म्हणजे नेपाळ. आजच्या पिढीला हसू येईल. परंतु १९८२ साली आमच्यासारख्यांना दुसरा परदेश उपलब्धच नव्हता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याचा, म्हणजे 'फेरा'चा, अंमल कडक होता. डॉलर मिळणे दुरापास्त होते आणि पासपोर्ट ही वस्तू आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. नेपाळला यांपैकी कशाचीच गरज नव्हती. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी जो करार झाला, त्याचे नावच शांतता व मैत्री करार असे आहे. त्या मैत्रीच्या बळावर आपला माणूस पासपोर्टशिवाय सीमा ओलांडू शकतो.

मी नुकताच एम.कॉम. झालो होतो आणि बँकेतील नेमणुकीचे पत्र हाती आले होते. मित्र वडिलांच्या कापड दुकानात बसू लागला होता. यानंतर दोघांनाही सवड मिळणार नाही, हे आम्हांस कळत होते. प्रत्येकी सातशे रुपये जमवले. माझ्या आईने मांजरपाटाची एक थैली शिवून दिली आणि सगळी रक्कम तीत घातली. थैली मित्राच्या कमरेला आणि हिशेबाची डायरी माझ्या खिशात, अशी वाटणी झाली. दोघांची एक थैली ही कल्पना त्याचीच होती.

त्या वर्षीची दिवाळी १५ नोव्हेंबरला होती. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या त्याच दिवशी पवनारला आचार्य विनोबांनी अन्नपाण्याचा त्याग करून देह ठेवला. घराघरांत तोच विषय चालू असताना आमची निघण्याची तयारी सुरू होती. आजीने आधी आम्हांस कुंथलगिरीला दर्शनाला पाठविले. देशभूषण आणि कुलभूषण हे दोघे भाऊ राजवाडा सोडून बरोबरच निघाले आणि त्याच टेकडीवरून बरोबरच मोक्षाला गेले, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आजी एवढेच म्हणाली, "दोघे जाताय, दोघेच परत या. आणि बोलत परत या." या शेवटच्या वाक्याचा अर्थ त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

भूमहून एस.टी.ने बार्शी, तेथून छोट्या रुळांच्या बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडी, पुढे दौंड आणि मनमाड येथे गाड्या बदलत गोरखपूर. तेथून बसने सोनौलीची सीमा. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्या भागातील खव्याचे पेढे होते. सीमेपलीकडे रक्कम बदलून घेतली, तेव्हा शंभर रुपयांचे दीडशेच्या आसपास नेपाळी रुपये हाती आले. क्षणभर आम्ही श्रीमंत झालो. पुढे जवळच लुंबिनी पाहिली आणि काठमांडूची बस धरली.

बस जेवणासाठी थांबे ती अंधार पडल्यावर. मित्राने रात्रिभोजनाचा नियम सोडला नाही. सायंकाळी पाचलाच डबा उघडून तो मोकळा होई. मी दुसऱ्या रात्री भुकेपुढे हरलो आणि रस्त्यालगतच्या खानावळीत गरम डाळभात जेवलो. तो पाहत होता. त्या वेळी तो काही बोलला नाही आणि घरी परतल्यावरही त्याने कोणापाशी शब्द काढला नाही. ही गोष्ट आज या स्तंभातून प्रथमच बाहेर पडत आहे.

काठमांडूमध्ये चौथ्या दिवशी पशुपतिनाथ मंदिराच्या परिसरात वऱ्हाडातील एक वृद्ध दांपत्य भेटले. आमचे मराठी बोलणे ऐकून ते जवळ आले. गर्दीत त्यांची पिशवी कापली गेली होती आणि परतीच्या प्रवासाला पैसे उरले नव्हते. मी चौकशी करीत होतो. कोठले, कोणाबरोबर आले, उतरले कोठे. माझे प्रश्न संपण्याआधीच मित्राने थैलीतून शंभर रुपये काढून त्यांच्या हातात ठेवले. मला त्याने विचारले नाही. आमच्याजवळ परतीच्या भाड्यासह जेमतेम साडेतीनशे उरले होते. शंभर गेल्यावर पोखरा रद्द झाले. फेवा तलाव आणि त्यात पडणारे माच्छापुच्छ्रेचे प्रतिबिंब पाहावे, म्हणून तर मी निघालो होतो.

मी त्याला पुष्कळ बोललो. ती माणसे खरी कशावरून, हेही बोललो. तो म्हणाला, "खोटी असली तरी म्हातारी आहेत. घरी तर पोहोचायला हवीत ना?" त्यानंतर गोरखपूरपर्यंत मी त्याच्याशी कामापुरते बोललो. डायरीत मात्र त्याच रात्री नोंद केली, 'मित्राची उचल, रु. १००.'

भूमला परतल्यावर मी हिशेब पूर्ण केला. ती उचल त्याची एकट्याची धरल्याने त्याने मला पन्नास रुपये देणे लागत होते. दुकानात जाऊन मी कागद पुढे ठेवला. त्याने तो वाचलाही नाही. गल्ला उघडला, पन्नासाची नोट दिली आणि विचारले, "चहा घेणार?"

मी ती नोट घेतली.

यानंतर आमची मैत्री तुटली, असे नाही. एकमेकांच्या लग्नकार्यांत आम्ही राबलो, सुखदुःखांत उभे राहिलो. बदल्यांच्या गावांहून सुटीवर आलो की पहिली चक्कर त्याच्याच दुकानाकडे असे. परंतु नेपाळचा विषय मी कधी काढला नाही आणि पुन्हा प्रवासाला बरोबर जाण्याचा योगही आम्ही येऊ दिला नाही.

नोकरीत असताना एकदा सतीशकुमार यांची हकीकत वाचनात आली. राजस्थानातील श्रीडुंगरगढ येथे १९३६ साली जन्मलेल्या या मुलाने नवव्या वर्षी जैन मुनिदीक्षा घेतली. अठराव्या वर्षी ती सोडून तो विनोबांच्या कार्यात आला. अण्वस्त्रांच्या विरोधात आंदोलन केले म्हणून वृद्ध तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांना अटक झाल्याची बातमी त्याने आणि ई. पी. मेनन या त्याच्या मित्राने वाचली. नव्वदीच्या उंबरठ्यावरचा माणूस तुरुंगात जातो आणि आपण तरुण असून बसून आहोत, या विचाराने ते दोघे उठले. १ जून १९६२ रोजी दिल्लीच्या राजघाटावरून ते पायी निघाले; मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या अण्वस्त्रसज्ज राष्ट्रांच्या राजधान्या गाठण्यासाठी. निघताना विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या, शाकाहार सोडू नका आणि जवळ पैसा ठेवू नका.

पाकिस्तानच्या सीमेवर स्नेह्यांनी वाटेसाठी शिदोरी देऊ केली, तेव्हा सतीशकुमारांनी ती नाकारली. शिदोरी घेणे म्हणजे पलीकडची माणसे आपल्याला जेवू घालणार नाहीत, असे आधीच ठरविणे होय, हा त्यांचा भाव होता. पलीकडे गेल्यावर त्यांना घरी नेणारा माणूस भेटला. अफगाणिस्तान, इराण, रशिया, पोलंड, जर्मनी, फ्रान्स असे देश त्यांनी ओलांडले. केवळ समुद्र आला तेथे जहाजाचा आश्रय घेतला. जॉर्जियात चहाच्या कारखान्यातील स्त्रियांनी त्यांना चहाची चार पुडकी दिली, चार राजधान्यांतील सत्ताधीशांसाठी. अण्वस्त्राचे बटण दाबण्याची बुद्धी झाल्यास आधी क्षणभर थांबून हा चहा घ्यावा, हा निरोप होता. सुमारे आठ हजार मैलांची ही पदयात्रा १९६४ च्या आरंभी वॉशिंग्टनला पूर्ण झाली.

ही हकीकत वाचली तेव्हा मी एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. तारण पाहिल्याशिवाय रुपया सोडायचा नाही, हे माझे कर्तव्य होते आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या दोघांनी अठरा-एकोणीस महिने निव्वळ माणसांच्या पतीवर काढले आणि मी बारा दिवसांच्या प्रवासात जिवलग मित्राची पत पन्नास रुपयांना मोजली, ही जाणीव तेव्हापासून मनात राहिली.

तर तो नातू माझ्याकडे आला. सायंकाळी आजोबांनाही बोलावून घेतले आणि आम्ही ओट्यावर बसलो. मुलाला खर्चाचा तक्ता हवा होता. मी आधी पशुपतिनाथाची गोष्ट सांगितली, पन्नासाच्या नोटेसह सांगितली. त्रेचाळीस वर्षे मनात साठलेले ते क्षमेचे शब्दही अखेर बोललो.

मित्र गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. "कुठले पन्नास रुपये?" त्याला ते दांपत्य आठवत नव्हते, माझा कागदही नाही. मग तो नातवाला म्हणाला, "मला गोरखपूरचे स्टेशन आठवते. मला ताप भरला होता आणि हा रात्रभर नळावर जाऊन रुमाल भिजवून आणत होता. थंडी केवढी होती! स्वतःची शाल माझ्यावर टाकून हा नुसता सदऱ्यावर बसला होता."

ताप मला आठवत होता. ती रात्र मात्र आठवत नव्हती. घरी जाऊन जुनी डायरी शोधली. गोरखपूरच्या तारखेला दोन नोंदी आहेत, चहा आणि तापाच्या गोळ्या. बाकी काही नाही.

मुलाला मी जे सांगितले, ते वाचकांतील आई-वडिलांसाठीही लिहितो. पैसे बाहेर नेण्याची आज अडचण नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, आणि मुलांना त्याचा शतांशही लागत नाही. प्रवासाचा आरोग्यविमा मात्र अवश्य घ्यावा. व्हिएतनामी स्वयंपाकात माशापासून केलेले पाणी अनेक पदार्थांत घालतात, म्हणून नुसते भाजीचे दिसले की खावे असे करू नये. तेथे शाकाहारी भोजनगृहाच्या पाटीवर जो शब्द असतो, त्याचा उच्चार आपल्या 'चाय'सारखा आहे. तो शब्द पाठ करावा. बौद्ध परंपरेतील कडक शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, हे आजींना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

आणि थैली दोघांची एकच ठेवावी. हिशेब अवश्य लिहावा; आपण व्यापारी माणसे आहोत, हिशेबाची लाज कसली? मात्र निघतानाच काही रक्कम वेगळी काढावी, जी दोघांपैकी कोणीही, कोणालाही, न विचारता देऊ शकेल आणि जिची नोंद होणार नाही. आम्ही तसे ठरविले असते, तर मला ती नोट घ्यावी लागली नसती.

सहल कंपनीबरोबर कुटुंबाने जाणे चांगलेच. त्यात सोय आहे, सुरक्षा आहे. परंतु तेथे निर्णय दुसरा कोणी घेतो. तरुणपणी एकदा तरी मित्राबरोबर, मोजक्या पैशांत, अनोळखी मुलखात जावे. पुढे ज्याच्याबरोबर भागीदारी करायची, त्याला आणि त्याहून अधिक स्वतःला, तेथे पारखता येते. मी त्या परीक्षेत उणा पडलो. तरी गेलो याचे समाधान आहे.

मुलाच्या आजींनी अद्याप होकार दिलेला नाही. मात्र काल त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्या खाकऱ्यांच्या डब्यांची संख्या मोजत होत्या.

जय जिनेंद्र.