नाव-पत्त्यांची दुसरी प्रत

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. अशा पुरात मालाबरोबर वह्याही जातात. माल पुन्हा भरता येतो. एकच प्रत असलेली वही परत येत नाही.

आज सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावरील पेढीची खतावणी संगणकात असते आणि तिची प्रतही निघते. परंतु वर्षानुवर्षे जोडलेल्या व्यापाऱ्यांचे ईमेल-पत्ते बहुधा वडिलांच्या एकाच जीमेल खात्यात असतात आणि पासवर्ड केवळ त्यांनाच ठाऊक असतो. त्यांच्या पश्चात ते खाते उघडायचे कोणी? दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल बंद करून पुसू शकते. चुकून पुसलेला पत्ताही ३० दिवसांपर्यंतच परत मिळवता येतो.

उपाय सोपा आहे. संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून ‘एक्स्पोर्ट’ निवडावे. एक्सेलमध्ये वाचण्यासाठी सीएसव्ही आणि मोबाइलमध्ये भरण्यासाठी व्हीकार्ड, अशा दोन्ही फाइली उतरवून घ्याव्यात. त्यांची एक प्रत पेढीच्या तिजोरीत आणि दुसरी घरी, पेन ड्राइव्हवर ठेवावी. फाइल उघडून चार नावे मुळाशी ताडून पाहावीत. न तपासलेली प्रत म्हणजे न जुळवलेला रोजमेळ.

हे पत्ते लोकांनी विश्वासाने दिलेली ठेव आहेत. म्हणून प्रत कुलपात असावी आणि तिची जागा पुढच्या पिढीतील एकाला तरी माहीत असावी. दरवर्षी वहीपूजनाच्या दिवशी ती नव्याने काढली, तर विसर पडणार नाही.